रुग्णालयाचा आतला नकाशा क्यूजीआयएसमध्ये: धुळ्यातल्या कामाच्या नोंदी

२९ एप्रिल २०२४

धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या जुन्या रुग्णालयाचा आतून नकाशा क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करायचा आहे. तीन ब्लॉक, तळमजला आणि वर दोन मजले. जुना ब्लॉक जाड भिंतींचा, मधला आणि नवा आरसीसीचे. तिन्ही वेगवेगळ्या काळात बांधले गेले आणि मागाहून कॉरिडॉरने जोडले. चौकशी खिडकीला रुग्णांना वाट सांगण्यासाठी नकाशा हवा आहे. देखभाल विभागाला खोल्यांचं क्षेत्रफळ, फायर एक्स्टिंग्विशर आणि इलेक्ट्रिक पॅनेल कुठे कुठे आहेत ते एका फाइलीत हवं आहे.

धुळ्यात ‘गल्ली नंबर चार’ म्हटलं की नवखा माणूसही विचारत विचारत पोचतो. या इमारतीत खोली नंबर १४ दोन आहेत, एक जुन्या ब्लॉकात आणि एक नव्या. साक्री-शिंदखेड्याकडून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं केसपेपर हातात घेऊन दोन्हींच्या मध्ये फिरत राहतात. हे काम मी मनापासून घेतलं ते त्यासाठी.

मी भूगोलाची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. आजवर क्यूजीआयएसमध्ये पाणलोट क्षेत्रं आणि तालुक्यांच्या सीमा केल्या आहेत. इमारतीच्या आत हेच सॉफ्टवेअर वेगळ्याच ठिकाणी अडतं. जिथे अडलं ते लिहीत जाणार आहे. आवृत्ती ३.३४, लॅपटॉप आठ जीबीचा.

२ मे

ऑफिसातून इमारतीच्या अमोनिया प्रिंट, म्हणजे प्लॅनच्या जुन्या पद्धतीच्या कागदी प्रती, मिळाल्या. घड्या पडलेल्या, कडा फाटलेल्या. पैसे वाचवायला मोबाइलने फोटो काढले आणि जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे चित्रावरचे बिंदू नकाशावरच्या जागांशी जुळवणाऱ्या साधनात, घातले. (तो आता लेयर मेनूत आहे, जुन्या व्हिडिओंत रास्टर मेनूत दाखवतात.)

कोपरे जुळेनात, म्हणून थिन प्लेट स्प्लाइन ही जुळवणीची पद्धत निवडली. सगळ्या बिंदूंवर चूक शून्य दिसली. नकाशा उघडून पाहिला तर मधला कॉरिडॉर वाकलेला. ही पद्धत दिलेला प्रत्येक बिंदू हट्टाने जागेवर बसवते आणि मधला कागद हवा तसा ताणते, त्यामुळे शून्य चूक बघून समाधान मानायचं नाही. इमारतीच्या प्लॅनला ती वापरूच नये.

शेवटी प्लॉटरच्या दुकानात शीट सपाट करून स्कॅन करून घेतल्या, शीटमागे ९० रुपये. मग हेलमर्ट ही पद्धत. ती फक्त फिरवते, सरकवते आणि सगळीकडे सारखंच लहान-मोठं करते, त्यामुळे काटकोन काटकोनच राहतो. सेटिंगमध्ये रेसिड्युअल, म्हणजे प्रत्येक बिंदूची उरलेली चूक, पिक्सेलऐवजी नकाशाच्या एककात दाखवायला सांगितलं की चूक मीटरमध्ये कळते. पिक्सेलमधल्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही.

४ मे

बिंदूंचे खरे अक्षांश-रेखांश कुठून आणायचे? मोबाइलचा जीपीएस मोकळ्या अंगणातही साधारण पाच मीटरचा, स्लॅबखाली तर भरवसाच नाही. उपग्रह चित्रात छताचा कोपरा दिसतो, पायाचा नाही, आणि उंच ब्लॉक चित्रात एका बाजूला कललेला असतो. मॅडमशी बोलून ठरवलं: पृथ्वीवरची जागा दोन-तीन मीटर इकडे-तिकडे चालेल, आतली मापं दहा सेंटिमीटरच्या आत हवीत. उपग्रह चित्रातून फक्त इमारतीची दिशा आणि ढोबळ जागा घेतली. माप टेपचं.

७ मे

पहिला कॉरिडॉर टेपने ३० मीटर भरला. ॲडव्हान्स्ड डिजिटायझिंग पॅनेलमध्ये अंतर ३० टाकून रेघ ओढली. मेझर टूलने तीच रेघ मोजली तर २८.०३. टेप तपासली, स्कॅन तपासलं, पूर्ण दुपार गेली.

दोष प्रोजेक्टच्या सीआरएसमध्ये, म्हणजे जागा मोजायच्या निर्देशांक पद्धतीत, होता. नव्या प्रोजेक्टात मी सगळ्यात आधी उपग्रह चित्राची लेयर घातली आणि क्यूजीआयएसने तिचाच सीआरएस, म्हणजे वेब मर्केटर (यादीतला क्रमांक ईपीएसजी ३८५७), प्रोजेक्टला लावला. त्यातला ‘मीटर’ विषुववृत्तावरच खरा. धुळ्याच्या अक्षांशावर, सुमारे २०.९ अंशांवर, तो सात टक्के फुगतो. पॅनेल हे फुगलेले मीटर घेतं, मेझर टूल मात्र पृथ्वीचा आकार धरून खरं अंतर सांगतं. म्हणून दोघांत भांडण. क्षेत्रफळ साध्या गणिताने काढलं असतं तर जवळजवळ १५ टक्के जास्त आलं असतं, आणि देखभालवाल्यांनी त्यावर टाइल्स मागवल्या असत्या.

सगळं यूटीएम झोन ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३ मध्ये नेलं. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत. अख्खा खान्देश याच झोनमध्ये बसतो. धुळं ७५ अंशांच्या मध्य रेखावृत्ताच्या अगदी जवळ आहे, तिथला फरक हजार मीटरला ४० सेंटिमीटर. आतल्या कामाला तो नसल्यासारखाच. नवा प्रोजेक्ट उघडताच उजव्या कोपऱ्यात खाली ३२६४३ लिहिलंय का ते पाहायचं, मगच पहिली रेघ.

८ मे

लेझर मीटर घेतला, २,४०० रुपये. ३० मीटरची टेप ३५०. पुरुष वॉर्डाच्या सगळ्या खोल्या लेझरने मोजल्या आणि बाहेरच्या कॉरिडॉरशी बेरीज जुळवली: आतली रुंदी अधिक प्रत्येक भिंतीचे २३ सेंटिमीटर. जुळेना. पण प्रत्येक खोली बरोबर ११ सेंटिमीटरनेच कमी येत होती आणि तिथेच उलगडलं. यंत्र स्वतः ११ सेंटिमीटर लांब आहे. मागची कड भिंतीला टेकवून मोजत होते आणि सेटिंग पुढच्या कडेवर होतं. चूक सगळीकडे सारखी असेल तर ती माणसाची नसते, यंत्राच्या सेटिंगची असते. वॉर्ड पुन्हा मोजावा लागला नाही, सगळ्या मापांत ११ मिळवले.

अंगणात लेझरचा ठिपका या उन्हात दिसत नाही. बाहेरचं सकाळी साडेसातच्या आत उरकायचं किंवा टेपच वापरायची. काचेच्या पार्टिशनवर आणि काळ्या पडद्यावर लेझर खोटं माप देतो. तिथे जाड पुठ्ठा धरायचा.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सणामुळे ओपीडीत गर्दी नाही. सासुरवाशिणी माहेरी गेलेल्या, वॉर्डही निम्मे रिकामे. मोजायला यापेक्षा चांगला दिवस नाही. आयामावशींनी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस आणला होता, दुपारी सगळ्यांनी मिळून खाल्ला.

जुन्या ब्लॉकच्या खोल्यांचे दोन्ही कर्ण मोजले. एकही खोली खरा आयत नाही. चार बाजूंवर भागवलं असतं तर खोल्या एकमेकींत घुसल्या असत्या.

आजचा मोठा शोध वेगळाच. प्लॅनमध्ये औषध खिडकीकडून कॉरिडॉरला एक दार आहे. प्रत्यक्षात तिथे लोखंडी रॅक आहे आणि रॅकमागे दार विटांनी बुजवलेलं. उलट, ड्रेसिंगच्या खोलीतून मधल्या ब्लॉकमध्ये एक दार आहे, ते प्लॅनमध्ये नाही. जुना व्हरांडा बंद करून तिथे रक्ततपासणी बसवली आहे. मावशी म्हणाल्या, “अगं, ते दार बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. तुझा कागद जुना आहे.” मंजूर प्लॅन म्हणजे बांधतानाची इमारत, आज वापरात आहे ती नव्हे. आतापासून प्रत्येक दाराला वेगळा बिंदू: रुंदी, उघडं की कायमचं बंद, स्ट्रेचर जातं की नाही, उंबरठा आहे का.

१४ मे

दोन दिवसांचं काम गेलं. लॅपटॉपवर क्यूजीआयएस उघडं ठेवून जिओपॅकेजची, म्हणजे नकाशाचा सगळा डेटा ज्यात साठवते ती, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि विभागातल्या संगणकावर उघडली. पहिल्या मजल्याच्या खोल्या त्यात नव्हत्या. तीच फाइल घरी लॅपटॉपवर परत टाकली, तेव्हा तिथलंही गेलं.

जिओपॅकेज आतून एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीतला डेटाबेस, असतं. प्रोग्राम उघडा असताना मूळ फाइलशेजारी त्याच नावाच्या आणखी दोन फाइली दिसतात, नावाच्या शेवटी डब्ल्यूएएल आणि एसएचएम असलेल्या. ताजे बदल डब्ल्यूएएलमध्ये असतात आणि नंतर मुख्य फाइलीत उतरतात. नुसती मुख्य फाइल उचलली की ते बदल मागे राहतात. क्यूजीआयएस बंद करायचं, त्या दोन फाइली नाहीशा झाल्याची खात्री करायची, मगच कॉपी. आणि कॉपीच्या नावात तारीख, जुनीवर नवी टाकायची नाही.

तरी शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल-प्रकाराकडे वळले नाही. तिच्यात रकान्याचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागतं आणि एन्कोडिंग चुकलं की मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

१८ मे

गेला आठवडाभर भिंती काढत होते, दोन्ही बाजूंच्या रेघांसकट, जाडी धरून. जुन्या ब्लॉकमध्ये ४५ सेंटिमीटर, नव्यात बाहेरच्या २३, पार्टिशन त्याच्या निम्मी. आकृत्या एकमेकींना नीट भिडतात का ते तपासणारा टोपॉलॉजी चेकर चालवला तर फटी आणि आच्छादनांची लांबलचक यादी आली. प्रत्येक कोपऱ्यावर तीन बहुभुज भेटतात आणि एक तरी मिलिमीटरभर सरकलेला असतो.

भिंतींची लेयर पुसून टाकली. आता असं करते: मजल्याची बाहेरची कड एक बहुभुज. खोल्या आणि कॉरिडॉर आतल्या प्लास्टरपर्यंत, मोजले तसे. मग डिफरन्स टूलने मजल्यातून खोल्या वजा केल्या की उरतात त्याच भिंती. आपोआप येतात, आणि खोलीचं माप बदललं तर पुन्हा चालवायचं. कार्पेट क्षेत्रफळही थेट मिळतं, देखभालवाल्यांना तेच हवं होतं. स्नॅपिंग (जवळच्या बिंदूला आपोआप चिकटणं) सेंटिमीटरभराच्या अंतरावर ठेवलं आणि आच्छादन टाळण्याचा पर्याय चालू केला.

२० मे

धुळे लोकसभेचं आज मतदान. ओपीडी बंद, कॉरिडॉर मोकळे. सगळ्या कॉरिडॉरचा वेढा एका दमात मोजला आणि सुरुवातीच्या दारापाशी परत आले. नकाशावर वेढा ३८ सेंटिमीटरने उघडा राहिला.

दोष मापांत नव्हता. जुना आणि मधला ब्लॉक जोडणारा ११ मीटरचा कॉरिडॉर सरळ नाही, दोन अंशांनी वळलेला आहे. कागदावर तो काटकोनात दाखवला होता आणि मीही तसाच काढला होता. ११ मीटरला दोन अंश म्हणजे ३८ सेंटिमीटर. कोन मोजायला साधन नव्हतं, म्हणून दोन्ही ब्लॉकच्या कोपऱ्यांपासून तिरकी अंतरं घेऊन त्रिकोण बसवला. वेढा मिटला.

याच कॉरिडॉरमध्ये तीन पायऱ्या आहेत. जुन्या ब्लॉकचा पहिला मजला मधल्यापेक्षा खाली आहे. दोघांनाही सगळे ‘पहिला मजला’च म्हणतात. ओपनस्ट्रीटमॅपच्या पद्धतीने तळमजला ०, वरचे १ आणि २ असे धरले, दोन्हींना १ दिलं आणि पायऱ्यांची वेगळी नोंद केली. स्ट्रेचर ढकलणाऱ्या दादांनी सांगितलं की रुग्ण असला की ते हा रस्ता घेतच नाहीत, लिफ्टने खाली उतरून तळमजल्यावरून वळसा घालतात. माझ्या नकाशाला हे अजून माहीत नाही.

२५ मे

ऑफिसने खोल्यांची यादी दिली, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. क्यूजीआयएसमध्ये ती इंग्रजी अक्षरांचा चोथा दिसते. कन्व्हर्टरमधून काढली, तरी रफार आणि जोडाक्षरं हाताने सुधारावी लागली.

शोधताना आणखी एक अडचण. ‘रुग्ण’ आणि ‘रूग्ण’ दोन्ही फाइलीत, शोधणाऱ्याला निम्म्याच खोल्या सापडतात. सगळीकडे एकच रूप केलं. शिवाय दोन नावांचे दोन रकाने ठेवले: पाटीवर लिहिलेलं आणि माणसं म्हणतात ते. पाटीवर ‘क्ष-किरण विभाग’, विचारतात ‘एक्सरे’. पाटीवर ‘नोंदणी कक्ष’, विचारतात ‘केसपेपर कुठे काढायचा’. लोकांचं नाव गोळा करायला चौकशी खिडकीच्या ताईंशेजारी सकाळभर बसले. ऑफिसच्या यादीपेक्षा ती सकाळ जास्त कामी आली.

२९ मे

क्यूफील्ड, म्हणजे क्यूजीआयएसचे नकाशे फिरत वापरायचं ॲप, टॅबलेटवर घालून वॉर्डांमधून फिरून तपासणी. पहिल्याच वॉर्डात सिस्टरनी थांबवलं: “फोटो कशाचे काढताय?” दारावरच्या पाटीचे काढत होते, पण मागे रुग्ण येत होते. त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. आता फोटो फक्त बंद दाराचा, नाहीतर फोटो नाही. आयसीयू, प्रसूतिकक्ष, औषध भांडार आणि ऑक्सिजनची खोली यांच्या आतली मांडणी लोकांच्या नकाशात जाणार नाही, फक्त बाहेरचं दार जाईल. क्यूजीआयएसमध्ये त्यासाठी दोन मॅप थीम, म्हणजे कोणत्या लेयर दाखवायच्या याचे दोन संच, केल्या. हे पहिल्याच आठवड्यात मेट्रनबाईंना भेटून ठरवून घ्यावं.

५ जून

वाट शोधायचं काम. कॉरिडॉरच्या मध्यरेषा काढल्या, प्रत्येक दारापासून रेषेला फाटा दिला, शॉर्टेस्ट पाथ टूल चालवलं. केसपेपर खिडकीपासून दुसऱ्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या ओपीडीपर्यंतची वाट आली, त्यात जिना कुठेच नाही. तळमजल्याच्या कॉरिडॉरमधून माणूस थेट दुसऱ्या मजल्यावर!

कारण असं: हे टूल उंची बघत नाही. वरच्या मजल्याच्या रेषा मी खालच्यांची कॉपी करून काढल्या होत्या, त्यामुळे शिरोबिंदू अगदी एकावर एक होते, आणि टूलसाठी एकाच जागेचे दोन बिंदू म्हणजे जोडलेला रस्ता. मजल्याप्रमाणे वेगळी उंची देऊन पाहिली, काही फरक नाही.

चाललेला उपाय: अफाइन ट्रान्सफॉर्म या आकृत्या सरकवणाऱ्या टूलने पहिला मजला पूर्वेला ५०० मीटर सरकवला, दुसरा १,००० मीटर. तिन्ही मजले शेजारी-शेजारी आले. जिने आणि लिफ्ट म्हणून त्यांच्यामध्ये लांब रेषा ओढल्या. पण मग जिना ५०० मीटरचा होतो, म्हणून अंतराऐवजी वेळेवर वाट काढायची, फास्टेस्ट निवडून. चालण्याचा वेग ताशी ४ किलोमीटर. जिना चढायला ३० सेकंद धरले, तेव्हा ५०० मीटरच्या त्या रेषेचा वेग ताशी ६० येतो. लिफ्टला थांबण्यासकट एक मिनिट, तिचा ३०. आकडे विचित्र दिसतात, पण वेळ बरोबर येते. वेगाचा रकाना एकाही रेषेत रिकामा ठेवू नका, तिथे टूल स्वतःचा ५० धरतं आणि वाट भलतीकडून नेतं. आलेली वाट परत ५००-५०० मागे सरकवून नकाशावर दाखवते.

चाकाच्या खुर्चीसाठी त्या तीन पायऱ्या आणि सगळे जिने गाळून वेगळी लेयर केली. पहिल्या मजल्यावरची वाट लगेच लिफ्टने खाली येऊन वळसा घालू लागली, स्ट्रेचरवाले दादा सांगत होते तशी.

या सगळ्यात भिंती कुठेच लागल्या नाहीत. वाट दारांवर चालते. पुढच्या माणसाने दारांची लेयर पहिल्या दिवशी सुरू करावी आणि भिंतींसाठी घाई करू नये. माझा सर्वांत जास्त वेळ उलट क्रमामुळे गेला.

१२ जून

सनबोर्डवर पहिली पोस्टर छापून चौकशी खिडकीपाशी लावली. उत्तर वर, भूगोलात शिकवतात तशी. माणसं मान वाकडी करून बघत होती, काही उलट दिशेला गेली. पोस्टर दक्षिणेच्या भिंतीवर आहे, पाहणाऱ्याचं तोंड दक्षिणेला. नकाशातली उजवी बाजू त्याच्या डाव्या हाताला पडते. लेआउटमध्ये नकाशा फिरवण्याचा आकडा असतो, प्रत्येक भिंतीसाठी तो वेगळा हवा. पाहणारा ज्या दिशेला बघतो ती दिशा वर. दीड हजारांची पोस्टर उतरवली.

एक आजोबा जुन्या पोस्टरपुढे उभे राहून मला अहिराणीत म्हणाले, “बाई, एक्सरे कथा शे? वर शे का खाले?” त्यांना आधी मजला हवा होता, खोली नंतर. माझ्या पोस्टरवर मजल्याचा आकडा कोपऱ्यात बारीक होता. नव्या पोस्टरवर प्रत्येक मजल्याला एक रंग, आणि खोलीच्या नावाआधी त्या रंगाच्या चौकटीत मोठा आकडा. जिन्याच्या पहिल्या पायरीवरही तेच रंग मारायचं रंगाऱ्याशी बोलून ठरलं.

१९ जून

नवी पोस्टर लागली. चौकशी खिडकीच्या ताई आता बोटाने रंग दाखवतात. दोन १४ नंबरांसाठी ट्रस्टने नवे क्रमांक मान्य केले: जुन्या ब्लॉकचे ‘जु’ने, नव्याचे ‘न’ने सुरू. पाट्या बदलेपर्यंत जुना क्रमांकही फाइलीत राहील.

खर्च: लेझर २,४००, टेप ३५०, बारा शीटचं स्कॅनिंग १,०८०, वाया गेलेली पोस्टर १,५००, नवी २,१००. एकूण ७,४३०. सॉफ्टवेअरला काही नाही.

राहिलेलं: नव्या ब्लॉकच्या दुसऱ्या मजल्यावर डायलिसिससाठी पार्टिशन घालायचं काम सुरू आहे. ते पूर्ण झालं की त्या टोकाच्या खोल्या आणि दारं पुन्हा मोजावी लागतील. देखभाल विभागातल्या सुपरवायझर दादांना दाराचा बिंदू टाकायला आणि डिफरन्स पुन्हा चालवायला शिकवलं आहे. आज त्यांनी बुजवलेल्या दाराची नोंद स्वतः ‘कायमचं बंद’ केली, फाइल बंद केली आणि तारीख घालून कॉपी घेतली.